वड्ढकी ते सुतार : हाताच्या ज्ञानाला जात कोणी चिकटवली?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुले जमतात. अभ्यास कमी आणि मोबाईल जास्त, हे नेहमीचेच. परवा चार-पाच जण एका रीलवर डोके घालून बसले होते. एक जपानी सुतार दोन जाड तुळया हाताच्या करवतीने आणि पटाशीने कापत होता. शेवटी त्याने त्या एकमेकींत सरकवल्या आणि लाकडी मोगरीचा एक ठोका दिला. जोड कुठे आहे ते दिसेनासे झाले. खिळा नाही, स्क्रू नाही, फेव्हिकॉलही नाही.

एक मुलगा म्हणाला, "दादा, आपल्याकडे असलं डोकं कधी नव्हतंच." दुसरा म्हणाला, "असलं तरी आपलं काय त्यात? ते सुतारांचं काम."

मी रात्रभर या दोन वाक्यांचा विचार करत होतो. दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. पण ती त्या मुलांची चूक नाही. पहिले वाक्य इतिहास लपवल्यामुळे आले आहे आणि दुसरे जातीने शिकवले आहे. म्हणून हा लेख.

आधी सांधा समजून घेऊ

लाकूड जोडण्याचा सर्वांत जुना आणि भरवशाचा प्रकार म्हणजे कुसू आणि खोबण. एका लाकडाचे टोक दोन्ही बाजूंनी कापून पातळ जीभ काढायची, ती कुसू. दुसऱ्या लाकडात तेवढ्याच मापाची चौकोनी खोबण पाडायची. कुसू खोबणीत गेली की सांधा झाला.

वाचायला सोपे आहे, करायला नाही. कुसूची जाडी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात. ती फार जाड ठेवली तर खोबणीच्या भिंती पातळ होऊन फुटतात, फार पातळ ठेवली तर कुसूच मोडते. आधी गुण्या लावून रेघ मारायची. करवत रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या बाहेर, जो भाग टाकून द्यायचा त्या बाजूने चालवायची. रेघ शिल्लक राहिली पाहिजे. खोबण पाडताना पटाशी आधी लाकडाच्या रेषेला आडवी मारायची, म्हणजे तंतू तुटतात. रेषेच्या दिशेने आधी मारली तर लाकूड उभे चिरत जाते. आरपार खोबण असेल तर अर्धी एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने पाडायची, नाहीतर खालच्या बाजूचे लाकूड उचकटते.

आणि शेवटी खुंटी. खोबणीच्या भिंतीत एक भोक आणि कुसूत एक भोक. चांगला कारागीर ही दोन भोके अगदी समोरासमोर पाडत नाही. कुसूतले भोक केसभर खांद्याकडे सरकवतो. त्यामुळे खुंटी ठोकली की ती कुसूला आत ओढून घेते आणि सांधा आवळला जातो. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लोखंडी खिळा गंजतो आणि भोक मोठे करतो. लाकडाची खुंटी लाकडाबरोबर हलते.

यात भूमिती आहे, लाकडाच्या गुणधर्माचे ज्ञान आहे, बळ कुठून कुठे जाते याचा हिशोब आहे. हे सगळे मेंदूत आहे आणि हातातही आहे. याला 'अडाणी काम' म्हणणारी व्यवस्था स्वतःच किती अडाणी असेल याचा विचार करा.

"आपल्याकडे नव्हतं" याचे उत्तर भाजे लेणीत आहे

मळवली स्टेशनला उतरा आणि भाजे लेणी चढा. तिथला चैत्य इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला आहे. आत गेल्यावर खांबांकडे नीट बघा. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. डोंगर कोरून केलेल्या लेणीत खांब कलता ठेवण्याचे काहीच कारण नाही, कारण छत डोंगराचे आहे, ते खांबावर उभे नाही. पण लाकडी सभागृहात कमानदार छत खांबांना बाहेर ढकलते, म्हणून तिथे खांब आत कलते रोवावे लागतात. म्हणजे भाजे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्य होता. दगड कापताना ते लाकडाच्या हिशोबाने विचार करत होते.

आता वर बघा. छताला लाकडी कमानी लावलेल्या आहेत. त्यांचीही छताला गरज नव्हती. भाजे चैत्याचा दर्शनी भाग पूर्वी लाकडाचा होता. तो गेला, पण लाकडे बसवण्यासाठी खडकात पाडलेल्या खोबणी अजून दिसतात. कार्ल्याच्या महाचैत्यात लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र आजही आहे. सुमारे दोन हजार वर्षांचे लाकूड! देशात मूळ जागी टिकलेले इतके जुने सुतारकाम शोधायला गेलात तर बोटावर मोजण्याइतक्या जागा सापडतील. त्यांत कार्ले आहे, मुंबई-पुणे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर.

सांचीच्या स्तूपाचा कठडा बघितला आहे का? उभे खांब, त्यांत आडवे तीन दांडे, वर एक लांब दगडी पट्टी. आडव्या दांड्याला 'सूचि' म्हणतात, म्हणजे सुई. हे दांडे दोन्ही टोकांना खांबाच्या खोबणीत अडकवले आहेत. खांबाच्या डोक्यावर कुसू आहे आणि वरच्या पट्टीत तिची खोबण. दगडाला अशा सांध्याची गरज नसते, दगड वजनावर उभा राहतो. ही सरळसरळ सुतारकी आहे, फक्त साहित्य बदलले. म्हणजे आपली बौद्ध वास्तुकला ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली ते सुतार होते.

आणि ते निनावीही नव्हते. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागात एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. त्यात सांगितले आहे की धेनुकाकट गावचा वढकी, वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे दार घडवले. त्याच लेणीत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचा लेख आहे, यवन दात्यांचे लेख आहेत, एका गंधिकाचा म्हणजे अत्तरे विकणाऱ्याचा आहे, आणि एका सुताराचाही आहे. सगळे एकाच भिंतीच्या आत, एकाच लिपीत, स्वतःच्या आणि गावाच्या नावासह.

वढकी हा शब्द ओळखीचा वाटतो का? पालीत तो 'वड्ढकी' आहे. विदर्भातल्या मित्रांना वेगळे सांगायला नको, तिकडे सुताराला आजही 'वाढई' म्हणतात. भाषेने जे जपले ते शाळेच्या पुस्तकाने जपले नाही.

एक सुतार, दोन पंगती

आता मुख्य मुद्दा. सुताराकडे बघण्याच्या दोन दृष्टी याच भूमीत शेजारी शेजारी होत्या. दोन्ही लिहून ठेवलेल्या आहेत.

मज्झिम निकायात पंचकंग नावाचा सुतार भेटतो. तो श्रावस्तीचा, तथागतांचा उपासक. अट्ठकथा सांगते की वाकस, कुऱ्हाड, पटाशी, मोगरी आणि सूत मारायची काळ्या दोरीची नळी अशा पाच हत्यारांवरून त्याला हे नाव पडले. बहुवेदनीय सुत्तात हा पंचकंग भिक्खू उदायींशी वेदनेच्या प्रकारांवर वाद घालतो. भिक्खू म्हणतात तीन प्रकार, सुतार म्हणतो दोन. कोणीच मागे हटत नाही. गोष्ट तथागतांपर्यंत जाते तेव्हा ते सुताराला त्याची पायरी दाखवत नाहीत. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, दोघांनी एकमेकांचे ऐकून घ्यायला हवे होते, असा त्यांचा निवाडा आहे. अनुरुद्ध सुत्तात हाच पंचकंग भदंत अनुरुद्धांसह चार भिक्खूंना घरी जेवायला बोलावतो. अनुरुद्ध कोण? शाक्य कुळातले. ते सुताराच्या घरी येतात आणि जेवतात.

आता दुसरी पंगत बघा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची लांब यादी आहे. २१० व्या श्लोकात चोर, गाणारा, सुतार आणि व्याजखोर एका ओळीत बसवले आहेत. चोरी करणाऱ्याचे आणि घर बांधून देणाऱ्याचे अन्न सारखेच निषिद्ध!

शतपथ ब्राह्मण त्याहून जुने. यज्ञाची लाकडी पात्रे पाण्याने शुद्ध का करायची, याचे कारण त्यात दिले आहे : त्यांना अशुद्ध सुताराचा किंवा आणखी कोणा अशुद्धाचा स्पर्श झालेला असतो. मित्रांनो, हे पुन्हा वाचा. पात्र सुतारानेच घडवले आहे. त्याच्या हाताशिवाय पात्र नाही, पात्राशिवाय यज्ञ नाही. आणि विटाळ त्याच हाताचा! गंमत अशी की त्याआधीच्या ऋग्वेदात सूक्त रचण्याला रथ घडवण्याची उपमा दिलेली आहे आणि राजसूय यज्ञातल्या काही याद्यांत सुतार आणि रथकार राजाच्या 'रत्नीं'मध्ये येतात. म्हणजे सुतार मुळात अशुद्ध नव्हता. त्याला अशुद्ध ठरवले गेले.

पतंजलीचे महाभाष्य साधारण भाजे लेणीच्याच काळातले. पाणिनीच्या एका सूत्रावर चर्चा करताना तो सुतार आणि लोहार यांची गणना शूद्रांत करतो. यज्ञकर्मापासून ते दूरच. पण त्यांनी जेवलेले भांडे घासून शुद्ध करता येते, टाकून द्यावे लागत नाही, म्हणून ते बहिष्कृत शूद्र नाहीत, असा त्याचा निकष आहे. एकीकडे व्याकरणकार सुताराच्या उष्ट्या भांड्याचा निकाल लावत होता, दुसरीकडे सह्याद्रीत वड्ढकी चैत्याच्या कमानी चढवत होते. आपण कोणत्या बाजूचे वारसदार आहोत हे वेगळे सांगायला हवे का?

पण आपणही प्रामाणिक राहू

इथे एक सावधगिरी. बौद्ध काळात सगळे समान होते, जात नंतर आली, असे सोपे चित्र आपले काही वक्ते रंगवतात. ते खरे नाही, आणि खोट्या पायावर चळवळ उभी राहत नाही.

विनयपिटकात एक नियम आहे : भिक्खूने दुसऱ्याला जात, नाव, काम यांवरून हिणवू नये. नियम समजावताना तेव्हा समाजात कोणत्या जाती हीन मानल्या जात त्यांची नावे येतात. चांडाल, वेण, नेसाद, रथकार, पुक्कुस. रथकार, म्हणजे लाकूडकाम करणारा, त्या यादीत आहे. वेण म्हणजे बांबूकाम करणारा, तोही आहे. समाज उतरंडीचाच होता. फरक इतकाच की मनूने ती उतरंड धर्म म्हणून लिहिली, आणि संघाने तिच्यावरून हिणवणे हा दोष म्हणून लिहिला. हा फरक छोटा नाही, पण तो जेवढा आहे तेवढाच सांगितला पाहिजे.

जातकांतही मुलगा बापाचाच धंदा करताना दिसतो. अलीनचित्त जातकात वाराणसीजवळ पाचशे सुतारांचे गाव आहे. ते नावेने नदीच्या वरच्या अंगाला जंगलात जातात, तिथेच घराचे सांधे कापतात, खांबापासून सुरुवात करून प्रत्येक लाकडावर खूण करतात, नावेत भरून शहरात आणतात आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे घर उभे करतात. आज ज्याला प्रीफॅब म्हणतात ते हेच. सांधा अचूक असल्याशिवाय हे शक्य नाही. पण ते गाव सुतारांचेच आहे, हेही विसरू नका.

तरीही श्रेणींना म्हणजे कारागिरांच्या संघटनांना काय पत होती ते बघा. नाशिकच्या लेणीत उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे दोन हजार आणि एक हजार कार्षापण कायमची ठेव ठेवल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेखांत वंसकार म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली आहे. ज्यांच्याकडे लोक विश्वासाने पैसा ठेवत, त्याच कामाचे बुरूड आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. बँक चालवणारा हात अस्पृश्यतेच्या यादीपर्यंत कसा ढकलला गेला, हा प्रश्न विचारल्याशिवाय हस्तकलेचा इतिहास पुरा होत नाही.

लिहिणारा वेगळा, कापणारा वेगळा

जातीने दोन गोष्टी केल्या. पहिली, हाताला विटाळ चिकटवला. दुसरी जास्त घातक : हात आणि अक्षर यांची फारकत केली.

'मयमत' हा वास्तुशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात लाकडाच्या सांध्यांवर स्वतंत्र अध्याय आहे, सांध्यांना मल्ललील यांसारखी नावे आहेत. म्हणजे ज्ञान ग्रंथात गेले. पण संस्कृतात गेले, जी भाषा पटाशी धरणाऱ्या बहुतेकांना शिकू दिली जात नव्हती. आणि अशा वास्तुग्रंथांत सांध्याच्या आगेमागे काय असते? पांढरी माती ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. घराची जमीनसुद्धा वर्णाप्रमाणे!

याच्या शेजारी चीन ठेवा. ११०३ साली ली जिए या अधिकाऱ्याचा 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाचा सरकारी ग्रंथ छापला गेला. त्यात लाकडी बांधकामाची मापे आणि आकृत्या आहेत. इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन या छपाईदाराने १६७७ पासून लोहारकाम, सुतारकाम यांवर हप्त्याहप्त्याने पुस्तके काढली, साध्या इंग्रजीत, हत्यारांच्या चित्रांसह. तिथेही उच्चनीच होतेच. पण करवत धरणाऱ्याने वाचू नये असा धर्म नव्हता.

जपानचे होर्यूजी हे बौद्ध विहार जगातल्या सर्वांत जुन्या उभ्या लाकडी इमारतींपैकी, सुमारे तेराशे वर्षांचे. ते टिकले कारण सांधे सोडवून खराब लाकूड बदलता येते, आणि ते बदलू शकणारे हात पिढ्यान् पिढ्या राखले गेले. रीलमधला तो सुतार त्याच परंपरेतला. त्याची कला बौद्ध विहारांनी वाढवली. आपली वाढवलेली आपल्याकडेच उखडली गेली.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातीचे निर्मूलन'मध्ये नेमके हेच सांगितले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. श्रमाची विभागणी कुठेही असते. पण इथे माणूस जन्मतः एका कप्प्यात टाकला जातो आणि बाजूच्या कप्प्यात डोकावायचीही बंदी असते.

दुसऱ्या वाक्याचे उत्तर : "ते सुतारांचं काम"

बलुतेदारीत सुतार होता, महार होता, चांभार होता, मांग होता. प्रत्येकाचे काम ठरलेले, बलुते ठरलेले, पायरीही ठरलेली. सुताराला विचारा, त्यालाही नांगर-कुळवाच्या मोबदल्यात खळ्यावर उभे राहून धान्य मागावे लागे. पण त्याच्या हातात निदान कसब होते, शहरात गेला तर विकता येत होते. महाराच्या वाट्याला कसब नव्हे, वेठ आली. म्हणूनच बाबासाहेब १९२८ पासून महार वतनाविरुद्ध विधिमंडळात लढले.

आणि गाव सोडून मुंबईला आले तरी जात गिरणीच्या फाटकात उभी होती. कापडखात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धागा संपला की नळीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. शतपथ ब्राह्मणातले यज्ञपात्र आणि परळच्या गिरणीतली नळी, मधे हजारो वर्षे, तर्क मात्र तोच!

म्हणून १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेले निवेदन प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. त्यात नुसत्या नोकऱ्या मागितल्या नाहीत. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या अशी मागणी केली. कौशल्य हवे, पण जन्माने नको. सार्वजनिक संस्थेतून, हक्काने हवे. हा त्यांचा मार्ग होता.

याच्या उलटा मार्गही या देशाने पाहिला आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी ग्रामीण शाळांचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार यांनी तिला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणत रस्त्यावर विरोध केला. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले आणि योजना रद्द झाली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट असे १८ धंदे आहेत आणि तिची भाषा पुन्हा 'कुटुंबाधारित पारंपरिक' धंद्यांची आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपये मिळतात, ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. ज्या कारागिराला गरज आहे त्याने ते जरूर घ्यावे, तो त्याचा हक्क आहे. पण प्रश्न विचारायचाच : कौशल्याला कुटुंबाची आणि गुरु-शिष्य परंपरेची चौकट कशाला? सुताराच्या मुलीला सॉफ्टवेअर आणि आपल्या वस्तीतल्या मुलीला पटाशी, हा रस्ता रुंद का करत नाही?

मग आपण काय करायचे?

आमच्या वस्तीतला एक मुलगा आयटीआयला कारपेंटर ट्रेडला आहे. पहिल्या दिवशी निदेशकाने विचारले, "सुतार का?" तो म्हणाला, "नाही सर." "मग कसं जमेल?" सहा महिन्यांनी त्याने कापलेला सांधा मी पाहिला. कुसू हाताने दाबली तर निम्मी आत जाते, उरलेल्या निम्मीला मोगरी लागते. सुतारकामात हेच माप बरोबर मानतात. जमले! रक्तात काही नसते, सरावात असते.

म्हणून तीन गोष्टी. एक, लेणी बघायला जाल तेव्हा फक्त फोटो काढून येऊ नका. खोबणी बघा, कमानी बघा, सामी वढकीचे नाव शोधा आणि मुलांना दाखवा. दोन, सुतार समाजातल्या मित्रांशी बोला. ते आज ओबीसी आहेत. त्यांना कोणी विश्वकर्म्याचे वंशज म्हणून मिरवणुकीत नाचवते, पण शतपथ आणि मनू त्यांच्याबद्दल काय म्हणतात ते सांगत नाही. ते आपण सांगू, पंचकंगाच्या गोष्टीसह सांगू. तीन, हाताच्या कामाला हलके समजणे सोडा. आपल्यावर कामे लादली गेली म्हणून कामाचाच तिटकारा येणे समजण्यासारखे आहे. पण लादलेले काम वेगळे आणि निवडलेले कसब वेगळे. पहिले फेकून द्यायचे आहे, दुसरे मिळवायचे आहे.

सुताराच्या वाकसाच्या मुठीवर बोटांच्या खुणा पडतात. संयुत्त निकायात तथागतांनी हे उदाहरण दिले आहे : मूठ आज किती झिजली, काल किती झिजली हे सुताराला सांगता येत नाही, पण झिजली की झिजली हे त्याला कळते. चित्तातले मळ असेच रोजच्या सरावाने झिजतात, हा त्याचा अर्थ. मला वाटते, जातीच्या बाबतीतही हेच खरे आहे. एका भाषणाने ती जात नाही. रोज थोडी थोडी घासावी लागते.

त्या दोन मुलांना पुढच्या रविवारी भाज्याला घेऊन चाललो आहे. तुम्हीही या.

जयभीम! नमो बुद्धाय!